तीस आणि अकरा

"सर, सही."

दिनकरने रजिस्टर माझ्यापुढे उघडून धरलं आणि बोट ठेवून जागा दाखवली. मी पेनचं टोपण काढलं, सही केली, खाली तारीख घातली. १५ डिसेंबर १९७९, शनिवार. टोपण परत लावलं. या कामाला मला दरवर्षी एवढाच वेळ लागत असे.

मी तेव्हा तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. शिकवायचे प्राध्यापक, माझ्याकडे प्रात्यक्षिकं आणि भांडारगृह. स्पिरिट ठेवायला सरकारी परवाना लागतो. तो आमच्या विभागाच्या नावावर होता, म्हणून कॉलेजातलं सगळं स्पिरिट माझ्या कुलपात असे. दर डिसेंबरात प्राणिशास्त्राची माणसं त्यातलं तीस लिटर नेत. त्यात अकरा लिटर पाणी मिसळत. त्या मिश्रणात त्यांच्या बरण्यांमधले बेडूक, साप आणि समुद्री मासे पुढचं वर्षभर टिकत. मिश्रण मोजायचं, आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा, आणि 'मोजणी तपासली' या रकान्यात मी सही करायची, असा नियम होता.

हे काम आधी बापू मेस्त्री करत. ते मे महिन्यात निवृत्त झाले. त्यांच्या जागी दिनकर साळोखे आला. त्याची ही पहिलीच खेप.

रजिस्टर घेऊन तो वळला तर दारात चौगुले मॅडम उभ्या होत्या. त्या प्राणिशास्त्राच्या विभागप्रमुख.

"बघू इकडे," त्या म्हणाल्या आणि उभ्याउभ्याच वाचायला लागल्या. मग माझ्याकडे पाहिलं. "पोतनीस, वाचून सही केलीत?"

"म्हणजे?"

"मिश्रण किती लिहिलंय?"

मी पाहिलं. चाळीस लिटर.

"तीस आणि अकरा किती होतात?"

कुणी असा सरळ प्रश्न विचारला की मी आजही गांगरतो. पाढे म्हणणाऱ्या मुलासारखा मी म्हणालो, "एक्केचाळीस."

"मग एक लिटर कुठं गेलं?" हे त्यांनी मला नाही, दिनकरला विचारलं.

"मॅडम, दोनदा मोजलं. चाळीसच भरलं."

"सांडलं?"

"न्हाई."

"कॅन गळतोय?"

"नवा हाय, मॅडम."

मॅडमनी रजिस्टरची मागची पानं उलटली. "अठ्ठ्याहत्तर, एक्केचाळीस. सत्त्याहत्तर, एक्केचाळीस. शहात्तर, एक्केचाळीस. बापूच्या हातून नऊ वर्षांत एक थेंब कमी झाला नाही. आणि तुझ्या पहिल्याच खेपेला लिटरभर जातं?"

 बोलायला दिनकरला जागाच नव्हती, कारण त्याची जुनी गोष्ट सगळ्या कॉलेजला माहीत होती. पंचाहत्तर साली तो कॉलेजच्या मैदानावर पिऊन पडलेला सापडला होता. कॉलेजातली नोकरी गेली. त्याच्या बायकोने त्याला स्वतःच्या भावाच्या गावी नेऊन आठ महिने नजरेखाली ठेवलं. परत आल्यावर तो रोजंदारीवर लागला, बादल्या उचलल्या, गटारं साफ केली. गेल्या वर्षी 'पुन्हा दारूला शिवणार नाही' असं लिहून घेऊन त्याला परत नोकरीत घेतलं होतं. एक जानेवारीला तो कायम होणार होता. त्याच्यासाठी शब्द टाकला होता तो चौगुले मॅडमनीच.

"मी तुझ्यासाठी भांडले होते रे," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

प्राचार्य इनामदार इतिहासाचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "बुधवारी दारूबंदी खात्याचे इन्स्पेक्टर तपासणीला येतायत. त्याआधी याचा निकाल लागायला हवा. मंगळवारी अकरा वाजता बसू. साळोखे, तोवर तुम्ही घरी. आणि पोतनीस, सही तुमची आहे, तुम्हीही या."

बाहेर आल्यावर दिनकर माझ्यापाशी थांबला. "सर, मी वास सुदीक घेतला न्हाई. बूच उघडताना तोंड बाजूला केलं होतं."

"हं," मी म्हणालो.

त्या वेळी मला एवढंच सुचलं.

दुपारी प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. मी कुलूप काढून स्पिरिटची बाटली घेतली आणि तीनशे मिलिलिटर मोजलं. दुसऱ्या सिलिंडरमध्ये एकशे दहा मिलिलिटर पाणी घेतलं. तीस आणि अकराचंच प्रमाण, शंभर पटीने लहान. दोन्ही एका भांड्यात एकत्र केली. भांडं हाताला कोमट लागलं. ते कोमट होणार हे मला ठाऊक होतं. अर्धा तास थांबून, थंड झाल्यावर मी ते अर्ध्या लिटरच्या सिलिंडरमध्ये ओतलं आणि डोळे पातळीला आणून वाचलं.

चारशे. चारशे दहा नाही.

यात जादू नाही. वर्गात हे शिकवण्याचं काम माझं नव्हतं, पण वाचलेलं होतं. पाण्याच्या रेणूतला हायड्रोजन शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. हा पक्का बंध नसतो. पक्क्या बंधापुढे तो फारच कमजोर, क्षणात तुटणारा आणि क्षणात दुसरीकडे जुळणारा. पण असे बंध अगणित असतात, म्हणून पाणी उकळायला शंभर अंशांपर्यंत तापवावं लागतं. ते नसते तर पाण्याचे एवढेसे हलके रेणू कडाक्याच्या थंडीतही वाफ होऊन निघून गेले असते. बर्फात हेच बंध रेणूंना एकमेकांपासून ठरलेल्या अंतरावर धरून ठेवतात, मध्ये पोकळी राहते, आणि बर्फ पाण्यावर तरंगतो. अल्कोहोलच्या रेणूलाही असा एक हात असतो. अल्कोहोल पाण्यात ओतलं की जुन्या जोड्या सुटतात, नव्या जमतात, आणि सगळे मिळून आधीपेक्षा कमी जागेत बसतात. वजन तेवढंच राहतं, थेंबही कुठे जात नाही. फक्त तीस आणि अकरा मिळून चाळीस होतात.

मी भांडी धुतली आणि घरी गेलो. एकदा आलेलं उत्तर म्हणजे उत्तर नव्हे, असं मी मुलांना नेहमी सांगत असे. शिवाय एक गोष्ट जुळत नव्हती. निसर्गाचा नियम असा असेल तर बापू मेस्त्रींचं नऊ वर्षं एक्केचाळीस कसं भरलं?

रविवारी सकाळी मी बापूंकडे गेलो. ते अंगणात पोत्यावर बसून शेंगा फोडत होते.

"या सर! वाट चुकला काय?"

"बापूकाका, स्पिरिट मिसळल्यावर किती भरायचं?"

"एक्केचाळीस."

"मोजून?"

त्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे माझ्या तळहातावर ठेवले आणि हसले. "मोजून कुठलं भरतंय? चाळीसच भरतंय ते. वरनं लिटरभर पाणी घालायचं, एक्केचाळीस करायचं. रजिस्टर बरोबर, मॅडम बरोबर, इन्स्पेक्टर बरोबर."

"आणि दिनकरला हे सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की! जाताना सगळं सांगून गेलोय. तर म्हणतो कसा, काका, भरंल तेवढंच लिहिणार. म्हणला, मी लई खोटं बोललोय, आता लिवायचं तरी खरं. आता बसलाय घरात. ऐकलं मी."

"काका, मंगळवारी येऊन एवढं सांगाल का?"

बापूंचं हसू मावळलं. "माझा पेन्शनचा कागद अजून साहेबाच्या टेबलावरच हाय, सर." त्यांनी आणखी दोन शेंगा फोडल्या. "अन् मी सांगून काय हुतंय? त्या रजिस्टरात माझी एकट्याची सही हाय काय?"

मी दाणे खाल्ले. "नाही."

"मग. आपल्या दोघांची हाय."

मी उठलो. त्यांनी शेंगांची पुरचुंडी बांधून दिली, ती मी घेतली. परतताना मी नऊ सह्यांचा विचार करत होतो. प्रत्येक सही 'मोजणी तपासली' या शब्दांखाली होती. एकदाही मी मोजणीला गेलो नव्हतो. प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर होती, तिथे मुली असत, मॅडम असत, तिथे जाऊन उभं राहायला मला संकोच वाटे. आणि येत्या फेब्रुवारीत अधिव्याख्यात्याच्या जागेसाठी मुलाखती होत्या. ती जागा नऊ वर्षांत पहिल्यांदा निघाली होती.

सोमवारी मी प्रयोग पुन्हा केला. आणखी तीनदा. चारशे, तीनशे नव्याण्णव, चारशे. दिनकरने भरलेल्या कॅनमधलं थोडं काढून त्यात हायड्रोमीटरही लावून पाहिला. अल्कोहोल जेवढं असायला हवं तेवढं होतं. म्हणजे कुणी स्पिरिट काढून घेतलं नव्हतं, पाणीही जास्त घातलं नव्हतं. आता तपासायचं काही उरलं नव्हतं. तरी मी तापमान टिपून ठेवलं.

दुपारी दोनच्या सुमाराला प्रयोगशाळेच्या दाराशी एक बाई येऊन उभ्या राहिल्या. पदर घट्ट लपेटलेला.

"पोतनीस सर तुम्हीच का?"

"हो."

"मी सुमन. साळोख्यांची."

"या ना," मी म्हणालो, पण त्या उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत.

"ह्ये तुमचं नाव लई काढत्यात घरी. पुस्तकातला माणूस, म्हणत्यात. म्हणून आले." त्या थांबल्या. "मी ह्यांचं तोंड हुंगलं शनवारी. वास न्हवता. पण ह्ये आता सोताच म्हणाय लागलेत, घेतली बी असंल, मला आठवत न्हाई. सर, तुमास्नी काय वाटतंय? ह्यांनी घेतली असंल?"

माझ्या टेबलावर सिलिंडर तसाच उभा होता. चारशेच्या खुणेपर्यंत भरलेला.

"उद्या बैठक आहे," मी म्हणालो. "उद्या बघू. मी बघतो."

"म्हंजे तुमास्नी बी नक्की न्हाई."

मी सिलिंडर थोडा बाजूला सरकवला. त्यांनी मान हलवली, जणू त्यांना मिळायचं ते उत्तर मिळालं होतं, आणि पायऱ्या उतरून गेल्या.

मंगळवारी अकराला प्राचार्यांच्या खोलीत आम्ही चौघं होतो. प्राचार्य, चौगुले मॅडम, दिनकर आणि मी. मी ट्रेमध्ये भांडी घेऊन गेलो होतो आणि ट्रे पायांपाशी जमिनीवर ठेवला होता. तो टेबलावर ठेवू का, हे विचारायचं राहून गेलं.

दिनकरने घडी घातलेला कागद पुढे केला. त्याचे डोळे सुजले होते. प्राचार्यांनी कागद वाचला.

"हे काय, साळोखे? 'माझ्या हातून चूक झाली असल्यास मी राजीनामा देतो.' झाली असल्यास म्हणजे? तुम्ही घेतलीत की नाही?"

"मला वाटत न्हाई, साहेब."

"मग?"

"पण पूर्वी बी मी रोज घेऊन जायचो, अन् सकाळी बायकोला म्हणायचो, घेतली न्हाई. तवा बी मला खरंच तसं वाटायचं." तो जमिनीकडे बघत होता. "आता रजिस्टरात दिसतंय. मॅडम म्हणत्यात. माझ्या वाटण्याला काय किंमत हाय?"

मॅडमनी खिडकीकडे तोंड फिरवलं. प्राचार्यांनी पेन उचललं.

"सर," मी म्हणालो.

कुणाला ऐकू गेलं नाही.

"सर, एक मिनिट." मी ट्रे उचलून टेबलावर ठेवला. एक कागद त्याखाली गेला, तो मी ओढून काढला आणि माफी मागितली. "हे तीनशे मिलिलिटर स्पिरिट. हे एकशे दहा पाणी. आपण वाचून घ्या."

"मी इतिहासाचा माणूस, पोतनीस."

"फक्त आकडे वाचायचे, सर."

त्यांनी चष्मा लावून वाचले. मॅडमनीही वाकून वाचले. मी दोन्ही एकत्र केली. थंड होईपर्यंत थांबावं लागेल, असं सांगितलं. ती पंधरा-वीस मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. शेवटी प्राचार्यांनी चहा मागवला. दिनकरने कप हातात धरून ठेवला, प्यायला नाही. मग मी मिश्रण मोठ्या सिलिंडरमध्ये ओतलं.

"किती?" प्राचार्यांनी विचारलं.

"आपणच वाचा."

"चारशे. एखादा वर असेल." ते सरळ झाले. "अहो, तीनशे आणि एकशे दहा चारशे दहा होतात. एवढं आमच्या इतिहासातसुद्धा चालतं."

"इथे होत नाहीत, सर." मी जमेल तसं समजावलं. डब्यात हरभरे भरून वरून बाजरी ओतली तर बाजरी फटींमध्ये जाते, डबा फारसा वर येत नाही, असं म्हणालो. मग ते उदाहरण अर्धंच खरं आहे हे सांगायला लागलो, कारण हरभरे बाजरीला धरून ठेवत नाहीत आणि इथे रेणू एकमेकांना धरतात. मॅडमनी मला हाताने थांबवलं.

"हायड्रोजन बंध," त्या हळू म्हणाल्या. "आम्ही बी.एस्सी.ला शिकलो होतो. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं." मग त्यांनी दिनकरकडे पाहिलं. पण त्या हुशार बाई होत्या. त्यांनी लगेच रजिस्टर जवळ ओढलं. "थांबा. त्यानं स्पिरिट काढून तेवढं पाणी घातलं नसेल कशावरून?"

"हायड्रोमीटर लावून पाहिला. अल्कोहोल पुरेपूर आहे."

"मग मागच्या नऊ वर्षांचं काय? हा निसर्गाचा नियम असेल तर एक्केचाळीस आले कुठून?"

तो प्रश्न येणार हे मला रविवारपासून माहीत होतं. उत्तर मी घरी तीन तऱ्हांनी लिहून पाहिलं होतं. त्यातलं एकही आठवलं नाही.

"मी मोजलं नव्हतं," मी म्हणालो.

"काय?" प्राचार्य.

"मोजणी तपासली, अशी सही माझी आहे. मी कधीच तपासली नाही. बेरीज करून आकडा लिहिलेला असे, कमी पडेल तेवढं पाणी वरून घातलेलं असे, आणि मी सही करत असे."

"नऊ वर्षं?"

"नऊ वर्षं."

"म्हणजे मेस्त्री..."

"तपासायचं काम माझं होतं, सर. मेस्त्रींना विचारायची गरज नाही."

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. एखाद्या कपाटात आणखी एक कप्पा निघावा तसं. "म्हणजे," ते म्हणाले, "नऊ वर्षं खोटं लिहिलं ते बरोबर ठरलं, आणि यानं पहिल्यांदा खरं लिहिलं तर याचा राजीनामा." त्यांनी दिनकरचा कागद फाडला, आणखी एकदा फाडला आणि टोपलीत टाकला.

"दिनकर," मॅडम म्हणाल्या, "उद्यापासून ये." मग म्हणाल्या, "नाही. आत्ता चल वर. बरण्या तशाच पडल्यात."

दिनकर माझ्याकडे बघत होता. त्याला हात जोडायचे होते, पण त्यात चहाचा कप होता.

पुढचं थोडक्यात सांगण्यासारखं आहे. एक जानेवारीला दिनकर कायम झाला. मला लेखी ठपका मिळाला. फेब्रुवारीच्या मुलाखतीचं पत्र मला आलं नाही, आणि पुढे एकवीस वर्षांनी मी डेमॉन्स्ट्रेटर म्हणूनच निवृत्त झालो. त्याचं मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. पण दर डिसेंबरात वर जाऊन, मोजणीपाशी उभं राहून, स्वतः वाचून सही करायला लागलो. आणि दरवर्षी मुलांना ही गोष्ट सांगायला लागलो. माझ्याकडे सांगण्यासारखी ती एकच गोष्ट होती. मुलं एरवी माझ्या तासाला खिडकीबाहेर बघत, ही गोष्ट मात्र ऐकत. एका रेणूच्या ओढीने एका माणसाची नोकरी वाचवली, असं मी शेवटी म्हणत असे. ते वाक्य मला आवडत असे.

गोष्टीत एक लहानसा बदल मी केला होता. बैठकीच्या दिवशी सकाळी मला शंका आली, मी प्रयोग केला, उत्तर सापडलं आणि ट्रे घेऊन धावत गेलो, असं मी सांगत असे.

दिनकर दोन हजार सहा साली निवृत्त झाला. मला निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती, तरी त्याने घरी येऊन बोलावलं. नारळ, शाल, भाषणं झाली. एका तरुण प्राध्यापकाने माझीच गोष्ट सांगितली, तो माझा विद्यार्थी होता. टाळ्या पडल्या. मी मान खाली घातली.

नंतर दिनकर मला त्याच्या घरी घेऊन गेला. तो आणि मी बाहेरच्या खोलीत बसलो. सुमनवहिनी आत चहा करत होत्या.

"चांगला बोलला तो पोरगा," दिनकर म्हणाला.

"हो."

"फकस्त नोकरी वाचली म्हणाला, तेवढं खरं हाय." त्याने शालीची घडी घालून बाजूला ठेवली. "सर, आता निवृत्त झालोय म्हणून सांगतो. मी त्या वेळी घेतली होती."

मला कळेना. "स्पिरिट?"

"छे छे. स्पिरिट न्हाई. त्ये मोजून चाळीसच भरलं होतं. सोमवारी घेतली, गुत्त्यावर जाऊन. चार वर्षांनी. ही तुमच्याकडं येऊन गेली, घरी आली, म्हणाली, सरांना बी नक्की न्हाई. मी म्हटलं, मग झालंच की. नाव तर लागलंच हाय." तो सावकाश, दुसऱ्याचं सांगावं तसं सांगत होता. "मंगळवारी तुम्ही ते पाणी ओतत होता तवा माझं डोकं ठणकत होतं. पुढं दीड वर्ष सुटली न्हाई. कॉलेजात कधी न्हाई. घरात. ही पोरीला घेऊन चार महिने भावाकडं होती."

"मला माहीत नव्हतं."

"तुमास्नी कसं कळणार? तुम्ही खाली मान घालून जाणार, खाली मान घालून येणार." तो हसला. "सुटली मग. झाली की पंचवीस वर्षं."

आत कपबशा वाजत होत्या. मी माझ्या हातांकडे पाहिलं. ज्या गोष्टीला तासाभरापूर्वी टाळ्या पडल्या होत्या तिच्यातला माझा बदल काय होता, हे जगात फक्त मला ठाऊक आहे असं मी धरून होतो. मी न बोलता चहा पिऊन घरी जाऊ शकत होतो. मला ते नीट जमलं असतं, आयुष्यभर मी तेच केलं होतं.

"दिनकर," मी म्हणालो, "मला शनिवारीच कळलं होतं."

त्याने माझ्याकडे मान वळवली.

"शनिवारी दुपारी मी प्रयोग केला. चारशे भरलं. तेवढ्यानंच सगळं सिद्ध होत होतं. त्यानंतर मी जे काही तपासत होतो ते स्पिरिट नव्हतं. माझ्या सह्या बाहेर येतील, मुलाखत जाईल, म्हणून थांबलो होतो. सोमवारी वहिनी दारात उभ्या होत्या तेव्हा ते भांडं माझ्या टेबलावर होतं. 'त्यानं घेतली नाही' एवढे तीन शब्द होते. मी म्हणालो, बघतो."

"ठाऊक हाय," दिनकर म्हणाला.

"कसं?"

"बापूकाकांनी सांगितलं. त्याच महिन्यात. सर रविवारी सकाळीच येऊन सगळं विचारून गेले, म्हणाले."

"म्हणजे सत्तावीस वर्षं..." मी म्हणालो. "तू मला कधी विचारलं नाहीस?"

"राग आला होता पहिल्यांदा. लई आला होता. दोन वर्षं तुमच्याशी धड बोललो न्हाई, ते बी तुमच्या ध्यानात आलं नसंल." त्याने माझ्याकडे सरळ पाहिलं. "मग म्हटलं, आपण कशाला विचारायचं. सर तीन-तीनदा मोजल्याबिगर बोलत न्हाईत. मोजून झालं की सांगतील."

सुमनवहिनी चहा घेऊन आल्या. माझ्यापुढे कप ठेवला आणि माझ्या तोंडाकडे पाहून तिथेच थांबल्या.

"सर बोलले व्हय?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"बोलले," दिनकर म्हणाला.

मग त्याही बसल्या.